वीस कोटी वर्षांपूर्वीचा बॅकअप : एका जुन्या गेमचा आरसीए

आमच्या धंद्यात काही मोठी गडबड झाली की आग विझल्यावर एक फॉर्म भरावा लागतो, आरसीए म्हणतात त्याला, म्हणजे मुळात कशामुळे झालं ते शोधून लिहायचं. काय झालं, कधी कळलं, कुणाला कळलं, कशामुळे झालं (इथे माणसाचं नाव घालायचं नसतं, 'प्रोसेस गॅप' असं लिहायचं) आणि परत होऊ नये म्हणून काय केलं. मी असे किती फॉर्म भरलेत त्याची मोजदाद नाही. तर झालं असं की मे महिन्यात भाचा राहायला आला होता, बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, दिवसभर मोबाईलवर गोळ्या झाडत बसायचा. त्याला म्हटलं चल तुला आमच्या काळातला टाइम ट्रॅव्हलचा गेम दाखवतो, माउसने टिचक्या मारत डोकं चालवायचं असतं त्यात. आणि खेळता खेळता दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की अरे हा गेम कुठाय, हा तर सरळ सरळ आरसीए आहे, फॉर्म तेवढा भरायचा राहिलाय. म्हणून हा भरतोय.

गेमचं नाव द जर्नीमन प्रोजेक्ट. तुम्ही ऐकलं नसेल, साहजिक आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोमध्ये प्रेस्टो स्टुडिओज नावाचा पोरांचा छोटा कंपू होता, त्यांनी १९९३ च्या सुरुवातीला मॅकवर सीडी-रॉममधून हा काढला. मिस्ट नावाचा जो गेम नंतर जगभर गाजला तो त्याच वर्षी पण मागाहून आला, म्हणजे थ्रीडीत बनवलेली खऱ्यासारखी दिसणारी चित्रं आणि त्यात आपण एकेक पाऊल टाकत हिंडायचं हे यांनी आधी करून दाखवलं होतं. पण नाव मिस्टचं झालं. कारण सरळ आहे, जर्नीमन भयानक स्लो होता. डायरेक्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेला, चित्रं जडच्या जड, सीडी ड्राईव्ह त्या काळचा सिंगल स्पीड, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हटलं तरी माणूस चहाला पाणी ठेवून येईल. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की १९९४ मध्ये त्यांना 'टर्बो' नावाची वेगळी आवृत्ती काढावी लागली, नावातच कबुली. पुढे १९९७ मध्ये पूर्ण गेम नव्याने बांधला, खरे नट घेऊन, नवी चित्रं करून, त्याचं नाव पेगॅसस प्राइम. ही सगळ्यात चांगली आवृत्ती आणि हीच सगळ्यात कमी लोकांनी पाहिली, कारण अमेरिकेत ती फक्त मॅकवर आली आणि विंडोजची ठरलेली आवृत्ती निघालीच नाही. आम्ही खेळलो ती हीच. ती आमच्यापर्यंत कशी पोचली ते पण या प्रकरणात येतं, पुढे सांगतो.

आधी घटना. (रहस्य फुटणार आहे, ज्यांना खेळायचाय त्यांनी इथेच थांबा, पण खरं सांगू का, तीस वर्षं झाली, आता फुटलं तर फुटलं.)

साल २३१८. माणसांची भांडणं मिटलीत, ढगांच्या वर तरंगणारं काल्डोरिया नावाचं शहर आहे, सायरोलन नावाचे परग्रहवासी दहा वर्षांपूर्वी येऊन 'आमच्या संघात या' असं आमंत्रण देऊन गेलेत आणि आता उत्तर घ्यायला परत यायचेत. टाइम मशीन बनलंय, त्याचं नाव पेगॅसस, बनवणारा शास्त्रज्ञ डॉक्टर एलियट सिंक्लेअर. मशीन इतकं धोक्याचं की त्याच्यावर पहारा द्यायला खास खातं काढलंय, टीएसए. आपण तिथले एजंट पाच, गेज ब्लॅकवुड. खाकी नसलेली पोलिसाची नोकरी समजा. सकाळी उठायचं, घरात संत्र्याचा ज्यूस प्यायचा आणि ड्युटीवर जायचं. ड्युटीवर गेलं की धडाम, अलार्म. कुणीतरी भूतकाळात जाऊन इतिहास बदललाय, काळाला चीर पडलीये आणि त्या बदलाची लाट वर्तमानाकडे येतीये. लाट पोचली की सगळं बदलणार आणि बदललंय हे कुणाला कळणार पण नाही, कारण कळायला लागणारी आठवणही बदललेली असणार.

हे शेवटचं वाक्य मी भाच्याला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, हो मामा कळलं, पुढे दाबा. त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं कारण मी हे भोगलंय.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो, संस्थेचं आणि कंपनीचं नाव नको. एका मुदत ठेव योजनेचा व्याजदर बदलायचा होता, आमच्यातल्याच एकाने मास्टरमध्ये (म्हणजे सगळे दर जिथून ठरतात त्या मूळ यादीत) बदलला, फक्त 'या तारखेपासून लागू' या रकान्यात चालू वर्षाऐवजी मागचं वर्ष टाइप झालं. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे मागच्या वर्षभराचं व्याज सगळ्या खात्यांवर नव्याने मांडलं. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. जमाही बदलली, नावेही बदलली, ताळा चोख बसला. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करणं, रोज व्यवस्थित होत होता. तीन आठवड्यांनी एक आजोबा पासबुक घेऊन आले आणि म्हणाले, मागच्या वेळी तुमच्याच मशीनने छापलेला आकडा हा, आज तुम्ही सांगताय तो हा, मधे मी पैसे काढले नाहीत की भरले नाहीत, मग फरक कुठून आला? काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन दाखवली, आजोबा म्हणाले, स्क्रीन राहू दे, हे कागदावर आहे.

ठीक आहे, बॅकअप लावू म्हटलं. बॅकअप होता की, रोज रात्री आपोआप घेतला जायचा, सोमवारचा सोमवारच्या फोल्डरला, मंगळवारचा मंगळवारच्या, आणि पुढच्या सोमवारी जुन्या सोमवारवर नवा सोमवार बसायचा. ही सात दिवसांची व्यवस्था माझ्याच हातची, मोठ्या कौतुकाने लावलेली. तीन आठवडे उलटून गेलेले, सातच्या सात प्रती चुकलेल्या. सात फोल्डर एकमेकांशी अगदी जुळत होते. सगळे मिळून एकच खोटं बोलत होते म्हणा ना.

आता गेममध्ये काय केलंय ते बघा. टीएसएने जगाच्या इतिहासाची एक प्रत डिस्कवर घेऊन ठेवलीये, ती ऑफिसात नाही, दुसऱ्या शहरात नाही, तर वीस कोटी वर्षं मागे, प्रागैतिहासिक काळात. का? तर लाट पुढे जाते, मागे येत नाही. इतिहासात कुणी कुठेही लुडबुड केली तरी ती माणसाच्या काळातच करणार ना, आणि तिचा परिणाम तिथून पुढेच होणार, त्याच्या मागची जागा कोरडी राहणार. म्हणून अलार्म वाजला की एजंटचं पहिलं काम गुन्हेगार पकडणं नाही. लाट पोचायच्या आत त्या जुन्या काळात उडी मारायची, म्हणजे आपण स्वतःही बदलातून वाचतो, आणि ती डिस्क घेऊन यायची. मला हे इतकं आवडलं की मी गेम थांबवून उठलो आणि बायकोला सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मग तुमच्याकडे का नव्हतं असं?

आमच्याकडे होतं, पण आम्हाला माहीत नव्हतं. संस्थेतले हेडक्लार्क, सगळे त्यांना काका म्हणायचे, रिटायरमेंटला आलेले. ते दर महिनाअखेरीला पूर्ण खतावणी छापायचे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, दुपारभर किर्र-किर्र आवाज. आम्ही हसायचो, काका कशाला झाडं तोडताय, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ते काही बोलायचे नाहीत, गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर टाकायचे. तर त्या माळ्यावर अकरा महिन्यांचे गठ्ठे निघाले. धुळीत काळे झालेले पण वाचता येत होते. सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी त्या शाईला हात लागणार नव्हता. मग दोन दिवस आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून बसलो, एकाने कागदावरचं खातं आणि रक्कम वाचायची, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं, जुळलं की 'हं' आणि नाही जुळलं की लाल पेनने गोल. 'हं' 'हं' 'हं' 'गोल'. डोळे चुरचुरायला लागलेले, चहावर चहा.

पेगॅसस प्राइममध्ये डिस्क आणल्यावर नेमकं हेच होतं, फक्त सतरंजीऐवजी चकचकीत मॉनिटर. जुना इतिहास आणि आत्ताचा इतिहास शेजारी शेजारी लावायचे आणि कुठे कुठे फरक पडलाय ते बघायचं. तीन गोल निघतात. पहिला, मंगळावरची मोरिमोटो वसाहत, तिथल्या रिअॅक्टरला बॉम्ब. दुसरा, नोराड सहा नावाचा पाण्याखालचा अण्वस्त्रांचा तळ, तिथून क्षेपणास्त्र सोडायचा प्रयत्न. तिसरा, २३१० सालचं जागतिक विज्ञान केंद्र, तिथे डॉक्टर एन्रिके कास्तियो यांचा खून. तीन वेगळ्या काळांतल्या तीन घटना, वरवर एकमेकींशी काही संबंध नाही. पण तिन्हींचा निकाल एकच, माणूस सायरोलनांना हो म्हणणार नाही. आमच्या प्रकरणात पण असंच झालं होतं, लाल गोल वेगवेगळ्या खात्यांवर विखुरलेले दिसत होते आणि काकांनी नुसतं यादीवर बोट फिरवून सांगितलं, ही सगळी एकाच योजनेची आहेत की रे.

आता दुरुस्ती. गेमचा मोठा भाग हाच आहे आणि खेळायला मजा पण इथेच आहे. तिन्ही काळात एकेक रोबोट पाठवलाय, मंगळावर एरिस, नोराडला पोसायडन, विज्ञान केंद्रात मर्क्युरी, ग्रीक-रोमन देवांची नावं देऊन. आपण त्या काळात उतरायचं, काम बिघडवायच्या आत रोबोटला गाठायचं, जमल्यास त्याच्या डोक्यातली चिप काढून घ्यायची. स्क्रीनवर मधे छोट्या चौकटीत जग दिसतं आणि भोवती आपल्या सूटचं पॅनल, सामानाला एक कप्पा, बायोचिपला, म्हणजे अशा चिपांना, एक कप्पा. अॅडव्हेंचर मोड घेतला तर वर एनर्जी हळूहळू उतरत असते, म्हणजे उगाच टंगळमंगळ चालत नाही. भाच्याने अर्थात तोच मोड घेतला. मी असतो तर वॉकथ्रू, म्हणजे सोपा मोड, घेतला असता, वयाचा परिणाम.

नोराडमध्ये आम्ही सगळ्यात जास्त अडकलो. तळाच्या हवेत बेशुद्ध करणारा वायू भरलेला, ऑपरेटर आडवा पडलेला दिसतो, श्वासाला मास्क लागतो, मग दाबाचा दरवाजा, मग पाणबुडी तयार करून तळाच्या दुसऱ्या भागात जायचं, तिथे एक मोठा यांत्रिक पंजा कंट्रोलवरून हलवायचा, आणि पृथ्वीच्या गोलावर क्षेपणास्त्रांचा एक खेळ आहे तो वेळेत संपवायचा. एका दरवाजावर डोळ्याचं स्कॅन मागतात. आमच्याकडे त्याची चिप नव्हती. अर्धा तास तिथे डोकं आपटल्यावर भाचा म्हणाला, मामा ती चिप या शतकात नसेलच. आणि नव्हतीच. तिन्ही काळ हवे त्या क्रमाने फिरता येतात, अर्धवट सोडून परत येता येतं, आणि एका शतकातली वस्तू दुसऱ्या शतकात कामाला येते. मंगळावर एक कुलूप आहे, ते द्रव नायट्रोजनने गोठवून मग पहारीचा दणका द्यायचा, पण तो नायट्रोजन मिळतो पुढच्या काळातल्या विज्ञान केंद्रात. म्हणजे घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने दुरुस्ती होत नाही. हे ज्याने कधी चुकलेल्या नोंदी उलट्या फिरवल्यात त्याला सांगायला नको, आधी ठेवीचं व्याज सुधारायला जावं तर त्यावर कापलेला टीडीएस आडवा येतो, टीडीएस सुधारावा तर आधी व्याज बरोबर पाहिजे. आम्ही चार वेळा पुढे-मागे केलं होतं.

विज्ञान केंद्रातला प्रसंग मला फार आवडला. पोचल्या पोचल्या विषारी बाण लागतो, गेम म्हणतो आता आधी स्वतःला वाचव. मग तो बाण काढून प्रयोगशाळेत तपासायचा, विष कशाचं आहे ते बघायचं आणि त्यावर उतारा स्वतः बनवून घ्यायचा. भाच्याला हे रसायनशास्त्राचं असल्यामुळे एकदम उत्साह, मी नुसता 'बरं' 'बरं' करत होतो.

आणि आता गांधी. हे मला आधी खरंच माहीत नव्हतं आणि कळल्यावर मी खुर्चीतून उठलोच. गेममध्ये प्रत्येक बारीक गोष्टीला गुण आहेत, घरातल्या दुर्बिणीतून बाहेर बघितलं तरी गुण. त्यात तीन काळांसाठी तीन वेगळे बोनस आहेत आणि त्यांचं नाव काय तर गांधी. मार्स गांधी, नोराड गांधी, डब्ल्यूएससी (म्हणजे विज्ञान केंद्र) गांधी. रोबोटला फोडून-जाळून न संपवता दुसऱ्या वाटेने थांबवलंत तर तो बोनस. गेमचा उघडा कोड बघितला तर तिथेही हेच नाव लिहिलेलं आहे. कॅलिफोर्नियातली पंचविशीतली पोरं गेममध्ये अहिंसेचे मार्क ठेवतात आणि त्याला गांधी म्हणतात, वर त्याची फार जाहिरात पण करत नाहीत. एनर्जी उतरतीये, वेळ चाललाय, समोर रोबोट आहे, ठोकून काढायची वाट सोपी आणि जवळची दिसते, ती घेतली तरी गेम पूर्ण होतो, कुणी रागावत नाही. शेवटी हिशोबात फक्त तेवढे गुण नसतात.

कुठल्या काळात नेमकं काय केलं की गांधी मिळतो ते मी लिहिणार नाही, तेवढं तरी तुमच्यासाठी राहू दे. पण माझ्या कामाशी त्याचा संबंध मला लगेच लागला. आमच्या प्रकरणात दोन वाटा होत्या. एक, चुकलेल्या सगळ्या नोंदी सरसकट डिलीट मारायच्या आणि नव्याने चढवायच्या, रात्रीत काम संपलं असतं. दुसरी, चुकलेली नोंद तशीच ठेवायची, तिच्यापुढे उलट नोंद घालायची आणि मग बरोबर नोंद. तिप्पट काम. मालक म्हणत होते पहिली. काका म्हणाले, खोडलेलं दिसलं पाहिजे. एवढंच म्हणाले. मी दुसरी घेतली, पण कबूल करतो, तत्त्वासाठी नाही, ऑडिटरच्या भीतीने. मला तेव्हा गांधी बोनस मिळाला असता का, शंका आहे.

आता मूळ कारण. तिन्ही रोबोटांच्या आठवणी एका चिपवर वाचता येतात, आणि त्यात त्यांना कामाला लावणारा माणूस दिसतो. सिंक्लेअर. टाइम मशीन ज्याने बनवलं तोच. परग्रहवासी पहिल्यांदा आले तेव्हापासून त्याच्या मनात भीती बसलेली की हे लोक माणसाला गिळणार, आणि सगळं जग हो म्हणायला निघालंय म्हटल्यावर त्याने मागे जाऊन जगाचं मतच बदलायचं ठरवलं. म्हणजे पैशासाठी नाही, सत्तेसाठी नाही, माणसं वाचवायला म्हणून. त्याला थांबवायचं काम पण शेवटी आपल्याच गळ्यात.

भाच्याला हे आवडलं नाही. त्याच्या मते व्हिलन बाहेरचा पाहिजे होता. मला उलट हेच सगळ्यात खरं वाटलं. पहारा सगळा बाहेरच्यांसाठी होता, दरवाजे, चिपा, अलार्म, एजंट. ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या होत्या त्याच्यासाठी काहीच नव्हतं कारण त्याच्यावर संशय घेणं हे वाईट दिसतं ना. आमच्याकडे पण व्याजदराचा मास्टर बदलायचा अधिकार फक्त एकाच माणसाला दिला होता, सुरक्षेसाठी म्हणून, आणि त्याने काय टाइप केलं ते दुसऱ्या कुणी बघायची सोयच नव्हती. त्याचा हेतू पण वाईट नव्हता, बिचारा संध्याकाळी साडेसातला घरी जायच्या घाईत होता. फॉर्ममध्ये मी 'प्रोसेस गॅप' लिहिलं.

गेममध्ये भोकं पण आहेत, ती सांगितली नाहीत तर हा फॉर्म खोटा होईल. लाट वर्तमानात यायला वेळ का घेते, एजंटला तयार व्हायला पुरेल इतकाच बरोब्बर वेळ, याचं उत्तर लेखकाची सोय एवढंच आहे. आणि तीन काळांतले रोबोट थांबवले की सगळं आपोआप जागेवर येतं, एकाही कागदावर डाग राहत नाही, हे तर कुठल्याच ऑफिसात घडलेलं नाही. त्यांच्या १९९५ च्या दुसऱ्या भागात, बरीड इन टाइममध्ये, प्रकरण जास्त गुंतागुंतीचं केलंय, तिथे इतिहास बदलल्याचा आळ आपल्यावरच येतो आणि आपण निर्दोष आहोत याचे पुरावे वेगवेगळ्या शतकांत जाऊन हुडकावे लागतात. लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं त्या नोंदीत, आपलंच नाव निघालं तर काय करायचं हा प्रश्न पहिल्या भागाला पडलाच नव्हता.

आता तो गेम आमच्यापर्यंत कसा पोचला ते, वर म्हटलं होतं. प्रेस्टो स्टुडिओज २००२ मध्ये बंद पडलं. पेगॅसस प्राइम ज्या जुन्या मॅकवर चालायचा ते मॅक भंगारात गेले, नव्या मॅकवर तो चालेना, विंडोजवर तर कधी आलाच नव्हता. म्हणजे सीडी हातात आहे आणि चालवायला मशीन नाही, अशी गत. पण गेमचा मूळ सोर्स कोड जपून ठेवलेला होता, तो स्कमव्हीएमच्या लोकांच्या हाती आला. स्कमव्हीएम म्हणजे जुने टिचकी गेम आजच्या मशीनवर चालवायला हौशी प्रोग्रामरांनी बांधलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. त्यांनी त्यावरून पेगॅसस प्राइमचं इंजिन नव्याने लिहिलं आणि २०१४ मध्ये सतरा वर्षांनी हा गेम पहिल्यांदा विंडोज आणि लिनक्सवर रीतसर विकत मिळायला लागला. कुणाच्या तरी माळ्यावर गठ्ठा होता म्हणायचं.

आमचा गेम रविवारी दुपारी संपला. तीनपैकी एका ठिकाणी आम्हाला गांधी मिळाला नाही, मंगळावर, तिथे माउस माझ्या हातात होता. भाच्याने यावर दोन दिवस टोमणे मारले.

पण त्याने शेवटी एक प्रश्न विचारला तो मात्र डोक्यातून जाईना. जेवताना म्हणाला, मामा, सिंक्लेअरने मशीन बनवलं ना, मग ती डिस्क कुठे ठेवलीये ते त्याला माहीत असणारच. त्याने आधी जाऊन तीच का नाही फोडली? मी म्हटलं गेम संपून गेला असता दहा मिनिटांत, म्हणून. तो म्हणाला, ते झालं गेमचं.

काकांच्या गठ्ठ्यांचं प्रकरण निस्तरल्यावर आम्ही फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं की दर महिन्याची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्यायची, ती संस्थेच्या इमारतीत ठेवायची नाही, चेअरमनसाहेबांच्या घरी कपाटात ठेवायची. मी ती कंपनी सोडून बरीच वर्षं झाली. संध्याकाळी न राहवून तिथल्या एका जुन्या मित्राला फोन लावला, इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ते हार्डडिस्कचं अजून चालू आहे का रे? म्हणाला, चालू आहे की, एक महिना चुकलेला नाही. म्हटलं घेऊन कोण जातं? त्याने नाव सांगितलं. व्याजदराच्या मास्टरचा अधिकार अजून त्याच्याचकडे आहे, आणि चेअरमनसाहेब बरेचदा बाहेरगावी असतात म्हणून कपाटाची एक किल्ली पण त्याच्याकडेच दिलीये.